लघवीच्या घाईसाठी 'करंट'चे उपचार: या चुका टाळा

डोंबिवलीहून दादरला येणारी बाई सकाळचा चहा सोडते, पाण्याचा घोट घेत नाही, कारण लोकलमध्ये लघवी लागली तर काय? असं वर्षानुवर्षं चालतं आणि कुणाला सांगितलं जात नाही. गोळ्यांनी फरक पडला नाही किंवा तोंडाला फारच कोरड पडली, तर डॉक्टर मज्जातंतूंना सौम्य करंट देण्याचा उपचार सुचवतात. उपचार चांगला आहे, पण 'मशीनचा काही उपयोग झाला नाही' असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत दोष मशीनचा नसतो.

सगळ्यात मोठी चूक निदानाआधीच होते. खोकताना, शिंकताना, जिना चढताना थेंब सुटतात, की अचानक घाई होऊन आवरत नाही? पहिल्या तक्रारीवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम हा पाया आहे. हा करंट पायाच्या घोट्याजवळ देतात आणि तो दुसऱ्या तक्रारीसाठी असतो. दोन्ही असतील तर तसं स्पष्ट सांगा. त्याआधी लघवीची तपासणी आणि साखर बघून घ्या, कारण जंतुसंसर्गानेही अशीच घाई होते. पुरुषांनी प्रोस्टेट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. लघवीत रक्त दिसलं तर आधी केईएम, सायन, नायर किंवा जवळच्या कुठल्याही रुग्णालयात युरॉलॉजिस्टला गाठा, मशीनचं नंतर बघू.

दुसरी चूक जागेची. मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या नसा माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघतात. पायात उतरणाऱ्या टिबियल नसेची काही मुळं तिथलीच, म्हणून घोट्याजवळ करंट देऊन मूत्राशय शांत करता येतं. पाठदुखीसाठी आणलेलं टेन्स मशीन (त्वचेवर पॅड चिकटवून करंट देणारं) घेऊन बायका पॅड ओटीपोटावर लावतात; ती ही पद्धत नव्हे. घरी पॅड वापरायचे तर एक आतल्या घोट्याच्या मागे आणि दुसरा त्याच्या साधारण १० सेंटिमीटर वर. जागा बरोबर असेल तर तळव्यात मुंग्या येतात किंवा अंगठा आपोआप वाकतो. फक्त पॅडखाली टोचत असेल तर करंट वाढवू नका. पॅड थोडा सरकवा, त्वचेवरचं तेल पुसा, जेल वाळलं असेल तर पॅड बदला. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना गेली असेल तर मुंग्यांवर विसंबू नका, अंगठ्याकडे बघा. आणि मशीनवरचे आकडे शेजारणीचे बघून लावू नका, फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

पॅडऐवजी घोट्याजवळ बारीक सुई टोचून करंट देतात, तो उपचार क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा, ३० मिनिटांचा, असे १२ वेळा असतो. लोकलने धक्के खात क्लिनिक गाठायचं आणि चौथ्या वेळेपर्यंत काहीच जाणवलं नाही की सोडून द्यायचं, हे मी फार ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं. फरक हळूहळू पडतो. म्हणूनच सुरुवातीला तीन दिवस लघवीची डायरी लिहा: किती वाजता, किती वेळा, किती वेळा सुटली. मधेही लिहा. रात्री चारदा उठणं दोनदावर आलं, हे मन विसरतं, कागद विसरत नाही. बरं वाटल्यावर एकदम बंद करू नका, साधारण महिन्याला एकदा उपचार चालू ठेवावा लागतो.

पाणी कमी पिणं थांबवा. दाट लघवी मूत्राशयाला चाळवते. बद्धकोष्ठताही घाई वाढवते.

पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुई टोचण्याआधी सांगा.

पूर्ण कोर्स करूनही जमलं नाही तर त्रिकास्थीतल्या नसेजवळ तार बसवून छोटं यंत्र त्वचेखाली ठेवता येतं. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. पुढे २०११ मध्ये शौचावर ताबा नसणाऱ्यांसाठीही. इथे चूक एकच: चाचणी उरकण्याची घाई. आधी तात्पुरती तार बसवून काही दिवस बघतात आणि त्रास निदान निम्म्याने कमी झाला तरच कायमचं यंत्र बसवतात. तेव्हाही डायरीच उपयोगी पडते. यंत्र बसवल्यावर त्याचं कार्ड पाकिटात ठेवा आणि एमआरआय काढण्याआधी टेबलावर झोपायच्या आत दाखवा.