भाड्याच्या घरावर मागील वर्षांचा मिळकतकर निघाल्यास

पुणे महापालिकेचे हजारो रुपयांचे मागील थकबाकीसह बिल दारात आले आणि घरमालक ‘राहता तुम्ही, भरा तुम्हीच’ म्हणाला, तरी लगेच पैसे भरू नयेत. घर भाड्याने दिलेले असताना मिळकतकराची प्राथमिक जबाबदारी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार भाड्याने देणाऱ्यावर असते.

आधी बिल नीट वाचावे. चालू मागणी, मागील बाकी आणि शास्ती (उशिराचा दंड) हे आकडे वेगळे लिहून घ्यावेत. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. पुण्यात अशा फरकाच्या बिलामागे बहुधा 40 टक्के सवलत असते. ती मालक स्वतः राहत असेल तरच मिळते, त्यामुळे घर भाड्याने दिल्याचे आढळल्यावर सवलत रद्द होऊन मागील फरक मागितला जातो. तो फरक मालकाला मिळालेल्या सवलतीचा असल्यामुळे भाडेकरूने तो सोसणे मला अन्यायाचे वाटते.

त्यानंतर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार काढून कर कोणी भरायचा हे कलम शोधावे. कर तुमच्यावर असला, तरी कराराच्या पहिल्या तारखेपूर्वीची बाकी तुमची नाही, हे मालकाला लेखी कळवावे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात कराराची प्रत जोडून अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

थकबाकीपोटी महापालिकेने घराला सील लावणे टाळण्यासाठी रक्कम भरावीच लागली, तर ती भाड्यातून वळती करण्याची मालकाची लेखी संमती आधी घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.