जत्रेतल्यासारखी कुरकुरीत जिलबी घरच्या घरी

सोडा घालून अर्ध्या तासात केलेली जिलबी गोड लागते, पण जत्रेतल्या पालाखाली मिळते ती चव तिला येत नाही. ती किंचित आंबूस चव आंबवलेल्या पिठाची असते. तेव्हा जिलबी रविवारी खायची असेल, तर पीठ शनिवारीच भिजवा.

साधारण 15 ते 20 लहान जिलब्यांसाठी 150 ग्रॅम मैदा, 2 चमचे बेसन, 3 मोठे चमचे आंबट दही, 1 चमचा पातळ केलेलं तूप आणि सुमारे 150 मिली कोमट पाणी घ्या. दही ताजं, गोड असेल तर पीठ लवकर आंबत नाही. पाणी एकदम ओतू नका. आधी घट्ट कालवून गुठळ्या मोडा, मग थोडं थोडं पाणी घालत पाच मिनिटं एकाच दिशेने फेटा. हा हाताचा व्यायाम टाळू नये, कारण फेटून पिठाला थोडी चिकटाई आली की तेलात सोडताना धार तुटत नाही.

झाकून उबदार जागी ठेवा. उन्हाळ्यात 10-12 तास पुरतात, थंडीत 20-24 लागतात. वर बारीक बुडबुडे दिसले आणि आंबट वास आला की पीठ तयार. आंबल्यावर ते थोडं सैल होतं. चमच्याने उचलून सोडा: धार रिबिनीसारखी सलग पडली आणि तिची खूण पृष्ठभागावर दोन-तीन सेकंद राहिली पाहिजे. खूण लगेच बुडाली तर चमचाभर मैदा घालून फेटा आणि दहा मिनिटं थांबा. धार तुटून गोळे पडत असतील तर पाणी घाला, पण चमच्याचमच्याने.

आता पाक. तळण्याआधी तो तयार हवा, कारण जिलबी तळल्यावर वाट बघत नाही. 300 ग्रॅम साखरेत 150 मिली पाणी घालून उकळा, मळी वर आली तर काढा. उकळी आल्यावर पाच-सात मिनिटांत एकतारी पाक होतो. थेंब गार करून अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं फाकवली की एक बारीक तार ओढली जाते. गॅस बंद करून त्यात केशर, वेलचीपूड आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. लिंबू चवीपुरतं नाही. त्याच्या आंबटपणामुळे साखर पुन्हा दाणेदार होत नाही आणि जिलबीवर पांढरी पुटं चढत नाहीत. दुकानी भगवा रंग हवाच असेल तर पिठात चिमूटभर हळद पुरते.

तळायला खोल कढई घेऊ नका. सपाट तळाच्या पसरट भांड्यात दोन-अडीच सेंटिमीटर तेल किंवा तूप घ्या. खोल कढईत वेटोळं खाली जाऊन फिरतं आणि आकार बिघडतो. पीठ सोडायला जाड कापडाला मधोमध काज करून शिवलेला रुमाल सगळ्यात चांगला. तो नसेल तर बारीक तोंडाची सॉसची बाटली चालते, फक्त तिचं तोंड तेलाच्या जवळ नेऊ नका, प्लास्टिक वितळतं. छिद्र तीन मिलिमीटरच्या आसपास असू द्या.

तेल 160 ते 170 अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तो दोन-तीन सेकंदांत वर आला आणि लगेच लाल झाला नाही, म्हणजे बरोबर. मग हात न थांबवता मध्यापासून बाहेर दोन-तीन वेढे घ्या आणि शेवटची धार आडवी नेऊन वेढ्यांवर टेकवा. ही आडवी कडी जिलबीला धरून ठेवते. ती द्यायची राहून गेली तर उलटताना वेटोळं सुटतं. एका वेळी तीन-चारच टाका, जास्त टाकल्या की तेल थंड होतं.

मध्यम आचेवर प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटं तळा. घाईने मोठ्या आचेवर लाल केलेली जिलबी आतून ओली राहते आणि पाकातून काढताच मऊ पडते. बिघाड पीठ आणि तेल यांपैकी कुठे आहे, ते पहिल्याच जिलबीत कळतं. चपटी होऊन पसरली तर पीठ सैल आहे किंवा तेल गार. तळाला चिकटून बसली तर तेल गारच. धार पडताक्षणी आक्रसून गोळा झाली, तर तेल फार तापलंय.

सळईने उचला, दोन सेकंद निथळू द्या आणि गरम असतानाच पाकात बुडवा. पाक कोमट हवा, म्हणजे बोटाला चांगलाच गरम लागेल, पण चटका बसणार नाही इतका. तळताना जिलबीची नळी आतून पोकळ होते, त्या पोकळीत पाक शिरतो. गार, घट्ट झालेला पाक बाहेरच चिकटून राहतो, उकळता पाक कुरकुरीतपणा घालवतो. एका बाजूला 15-20 सेकंद, मग उलटून तेवढीच, आणि लगेच जाळीवर. ताटात एकमेकींवर रचल्या की खालच्या नरम पडतात. मधेच पाक घट्ट झाला तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा कोमट करा.

उरलेलं पीठ फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, त्यापुढे फार आंबट होतं. पाक गाळून ठेवा, शिऱ्यात साखरेऐवजी वापरता येतो. पहिला घाणा निघण्याआधी मठ्ठा घुसळून ठेवलेला असला म्हणजे झालं.