संत्रं-आल्याचा घरगुती सोडा: टीव्हीवर बघून करताना या चुका टाळा

टीव्हीवर संत्र्याचा रस, आलं, साखर आणि चिमूटभर यीस्ट बाटलीत जातं, झाकण लागतं आणि जाहिराती संपेपर्यंत फसफसता सोडा तयार असतो. मधले तास कोणी दाखवत नाही, आणि सगळं बिघडतं ते त्याच तासांत. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा. बाहेर पारा ४५ च्या घरात असताना, एसी लावलेल्या स्टुडिओत बसून सांगितलेलं ‘रात्रभर ठेवा’ इथे थेट धोक्याचं ठरतं.

‘साखर चवीनुसार’

हे भाजीत चालतं. इथे साखर म्हणजे गॅस. ४ ग्रॅम साखरेतून यीस्ट साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार करतं. कोल्ड्रिंकइतकी फसफस यायला लिटरमागे १४-१५ ग्रॅम साखर आंबली तरी पुरे. २ लिटरला २०० ग्रॅम साखर घातली आणि ती सगळी आंबली, तर कोल्ड्रिंकच्या सहा-सातपट गॅस होतो. तो दाब काचेची बाटली सोसत नाही. फुटली तर काचा खोलीभर उडतात. म्हणजे गोडीपुरती साखर शिल्लक असतानाच बाटली फ्रिजमध्ये गेली पाहिजे.

ती वेळ ओळखायची हाताने. त्यासाठी कोल्ड्रिंकचीच प्लास्टिकची बाटली घ्या. पाण्याची बाटली पातळ असते, सरबताच्या किंवा दारूच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या या दाबासाठी बनवलेल्याच नसतात. वर चार बोटं जागा सोडा. भरल्यावर अंगठ्याने दाबली तर बाटली आत जाते. काही तासांनी ती न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखी टणक लागली, की त्याच क्षणी फ्रिजमध्ये. जानेवारीत याला दीड-दोन दिवस लागू शकतात, मे महिन्यात ८-१० तासही पुष्कळ झाले. उन्हाळ्यात पहिली तपासणी चौथ्या तासाला करा, आणि बाटली सकाळी भरा, म्हणजे ऐन दाब चढताना तुम्ही झोपलेले नसाल.

बाटल्या घमेल्यात चार बोटं पाण्यात उभ्या करून वर ओलं सुती फडकं गुंडाळा आणि घमेलं कूलरसमोर ठेवा. कोरड्या हवेत फडक्यातलं पाणी झपाट्याने उडतं आणि बाटली खोलीपेक्षा थंड राहते. जुलैच्या दमट हवेत या युक्तीचा फारसा उपयोग नाही.

फसफसच आली नाही

बहुतेक वेळा यीस्ट मेलेलं असतं. ‘गरम पाण्यात विरघळवा’ हे सांगणं अपुरं आहे; ५५-६० अंशांला यीस्ट मरतं. पाणी मनगटावर टाकल्यावर गरमही लागू नये, गारही नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी मुळातच तापलेलं असतं, ते पुन्हा गॅसवर चढवू नका. ५० मिली पाण्यात चिमूटभर साखर आणि पाव चमचा कोरडं यीस्ट घाला. १५ मिनिटांत वर फेस आला नाही, तर पाकीट टाकून द्या. बेकिंग पावडर हा यीस्टला पर्याय नाही, कार्यक्रमात कोणी कितीही ठामपणे सांगो.

यीस्ट चांगलं असूनही काही घडत नसेल तर रस बघा. बाटलीबंद स्क्वॉशमधलं सोडियम बेन्झोएट हे टिकाऊपणासाठीचं रसायन यीस्टला वाढू देत नाही. ताजाच रस हवा. नळाचं पाणी गंजात १५ मिनिटं खळखळून उकळून गार करा, नाहीतर क्लोरीनमुळे औषधासारखा वास राहतो.

कडू झालं

इथे टीव्हीवरची सजावट नडते. ‘सुगंधासाठी साल किसून भरपूर घाला’ म्हणतात, पण सालीतलं तेल यीस्टला रोखतं. कडवटपणा मात्र बियांमुळे आणि पांढऱ्या रेषांमुळे येतो: रस काढताना गोड लागतो आणि काही तासांनी त्यांतल्या लिमोनिन या कडू घटकामुळे कडू होतो. त्यामुळे मिक्सर नको. संत्रं सोलून, बिया काढून, फोडी हाताने दाबा आणि रस लगेच गाळा.

२ लिटरच्या बाटलीसाठी २५० मिली रस, ३० ग्रॅम किसलेलं आलं, १५० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि वर चाचणी केलेल्या यीस्टच्या पाण्यातले २५ मिली. बाकी गार पाणी. मिश्रण तांब्या-पितळेच्या भांड्यात करू नका, आंबट रसात तांबं उतरतं.

‘यात अल्कोहोल शून्य’ हा दावाही खरा नाही. वेळेत थांबवलेल्या सोड्यातही ते १ टक्क्याच्या आसपास असू शकतं. लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा व्रत म्हणून न घेणाऱ्याला देऊ नका. ‘हेच पंधरा दिवस ठेवलं की वाइन’ असं सांगणारे एक गोष्ट गाळतात: महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे.

केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर ‘वरची काढा, खालचं चालतं’ हे ऐकू नका, सगळं ओता.

फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही. ४-५ दिवसांत संपवा. लाइट चार-पाच तास गेली तर बाटली पुन्हा दाबून बघा आणि खूप टणक लागली तर झाकण अगदी किंचित सैल करून गॅस सोडा, मोरीत धरूनच.