पावसाळ्यातील भूगोल : मिठी नदीचा नकाशा

जूनमध्ये शाळा सुरू होताच सरळ कडांच्या पारदर्शक बाटलीला पट्टी चिकटवून गच्चीवर मोकळ्या जागी पर्जन्यमापक ठेवावा आणि हवामान विभागाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला विद्यार्थ्यांकडून नोंद घ्यावी. आठवड्याच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरून आलेख काढणे सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमते.

खरा अभ्यास मात्र तुलनेतून घडतो. 26 जुलै 2005 च्या मुंबईतील अतिवृष्टीत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्यात तो 100 मिलिमीटरच्याही आत राहिला. एकाच शहरात एवढा फरक का पडला, हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवावा आणि उत्तराची घाई करू नये.

त्यानंतर गूगल अर्थवर विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठी नदीचा मार्ग आखून घ्यावा. जुन्या उपग्रहचित्रांची सोय वापरून काठावरची बांधकामे आणि खारफुटी कशी बदलली, हे गटागटाने नोंदवावे. इंटरनेट मंद असल्यास चित्रे आधीच उतरवून ठेवावीत.

घरातील ज्येष्ठांना 2005 च्या त्या अतिवृष्टीत पाणी कुठवर चढले होते ते विचारून, त्यांच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि ती ठिकाणे त्याच नकाशावर दाखवावीत. माझ्या मते या उपक्रमातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. त्याला किमान दोन तासिका द्याव्यात.