दोन टायरांची हवा आणि चार दिवसांचा खुलासा: आंदोलनात या चुका टाळा

डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर आम्ही खनिजाचे ट्रक अडवले होते. मागण्या साध्या: रस्त्यावर पाणी मारा, ट्रकवर ताडपत्री घाला, शाळा सुटायच्या वेळी वाहतूक थांबवा. तिसऱ्या दिवशी एका पोराने उभ्या ट्रकच्या दोन टायरांची हवा सोडली. संध्याकाळी व्हिडिओ साऱ्या गोव्यात फिरला. पुढचे चार दिवस आम्ही धुळीवर बोललोच नाही, टायरांचा खुलासा करत बसलो.

पोर वाईट नव्हतं. आमची चूक ही की ‘आपलं आंदोलन शांततेचं आहे’ हे सगळ्यांना ठाऊक असणार असं आम्ही धरून चाललो. शांतता म्हणजे नेमकं काय, हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. शिवी चालते का? ट्रकवर हात आपटलेला चालतो का? पोलिसाने ढकललं तर काय करायचं? हे आदल्या रात्री देवळाच्या मंडपात बसून ठरवायला हवं होतं, जमल्यास धक्काबुक्कीचा सरावही करून. मिठाच्या सत्याग्रहात, २१ मे १९३० रोजी, गुजरातमधल्या धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रही रांगेने पुढे गेले आणि लाठी डोक्यावर येत असताना वार अडवायलाही त्यांनी हात वर केला नाही. असं ऐन वेळी सुचत नसतं.

दुसरी चूक म्हणजे रिकामे हात आणि उभी गर्दी. उभी माणसं पुढे सरकतात, मागे पळतात. बसली की थांबतात. म्हणून कुठे गडबड झाली की स्वयंसेवकांनी एकच इशारा द्यायचा: सगळे खाली बसा. दगड उचलणारा मग एकटाच उभा दिसतो. त्याच्याशी वाद घालू नका. दोघांनी खांद्यावर हात टाकून त्याला चहाला न्यायचं. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री दक्षिण गोव्यातल्या चांदोरला रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते. ज्याला मेणबत्ती वाऱ्यापासून सांभाळायची आहे, तो दगड कुठल्या हाताने उचलणार? आम्ही नंतर घुमट, म्हणजे गोव्याचं मातीचं तालवाद्य, आणलं. नुसतं भजन धरलं असतं तर निम्मी, ख्रिस्ती माणसं गप्प राहिली असती. घुमट देवळाच्या वाड्यावरचंही आणि चर्चच्या वाड्यावरचंही.

साधारण वीस-पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक ठेवा, दंडाला पट्टी बांधून. तो ओळखीचा हवा. परक्याने ‘बाबा, मागे सर’ म्हटलं की पोरं चिडतात; शेजारच्या काकीने म्हटलं की ऐकतात. दारू पिऊन आलेल्याला तर काकीच घरी पाठवू शकते, हा आमचा अनुभव.

सगळं एका पुढाऱ्यावर सोडू नका. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा धारासण्याची जबाबदारी अब्बास तय्यबजींनी घेतली. त्यांनाही पकडल्यावर सरोजिनी नायडूंनी. आमच्याकडे मात्र पुढाऱ्याचा फोन बंद पडला तरी सगळे बावचळायचे. पहिल्यानंतर कोण, त्याच्यानंतर कोण, ही नावं आधीच ठरवा आणि माणसांना सांगा.

‘आतल्यांना मारलं’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला की जागेवर बसलेल्या दोघांना फोन लावल्याशिवाय तो पुढे ढकलू नये. निरोपांचा ग्रुप फक्त अ‍ॅडमिनने लिहायचा ठेवा. माईकवर एकच जण बोलू दे, आणि भोंगा रात्री दहाला बंद. त्यावरून गुन्हा ओढवून घेण्यात कसला आला पराक्रम? वर्गणीचा हिशेब रोज फळ्यावर लिहा.

मनाई हुकूम आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच बघा. जमावबंदीचं जुनं कलम १४४ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. हुकूम मोडायचा तर ठरवून मोडा, नकळत नको. मोडायला बसणाऱ्यांची यादी वेगळी करा: नाव, घरच्यांचा नंबर, चालू औषधं. अटक झाल्यास चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, म्हणून वकिलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आमच्या पहिल्या यादीत औषधांचा रकाना नव्हता. एका काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या, आणि त्या पोलीस चौकीत पोचवायला टायरवाल्या पोरानेच स्कूटर काढली.