महानगर सोडून लहान शहराच्या मध्यवस्तीत राहायला जाताना

महानगर सोडायचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शहराबाहेरचं एकटं घर येतं. झाडं, अंगण आणि दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा गाडी काढायची वेळ. लहान शहराची मध्यवस्ती मात्र फारसं कुणी बघायला जात नाही. खाली दुकानं, वर घरं, हाकेच्या अंतरावर दवाखाना आणि रात्री दहानंतर एकट्या माणसाची पावलं ऐकू येतील इतका निवांत रस्ता. मी अशाच वस्तीत राहायला आलो. येताना काही गोष्टी उलट्या क्रमाने केल्या आणि त्याचा त्रास झाला. तो क्रम सुधारून इथे लिहितो आहे.

आधी दोन आठवडे वही लिहा

घरं बघायला लागण्याआधी साधी वही घ्या. रोज कुठे गेलात, कशासाठी आणि जाऊन यायला किती वेळ लागला, एवढंच लिहा. महानगराचा कंटाळा आला की आपण ते किती वापरतो याचा अंदाज चुकतो, दोन्ही बाजूंनी चुकतो. नाट्यगृहं, प्रदर्शनं सुटतील म्हणून जीव खालीवर होतो आणि वहीत त्यांचं नावही सापडत नाही. उलट महिन्यातून एकदा ठरावीक तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावं लागतं, ही नोंद एका ओळीची दिसते, पण पुढची सगळी निवड तिच्यावर ठरते. घरातल्या प्रत्येकाने स्वतःची वेगळी वही लिहावी. शाळेत जाणारं मूल आणि सत्तरीतली आई यांचं शहर एकच नसतं.

प्रवासाचा हिशेब तासांत मांडा

आठवड्यातून दोनदाच कार्यालयात जायचंय, मग लांब राहिलं तरी चालेल, असं आपण पटकन म्हणतो. आकडे मांडून बघा. आज रोज पाऊण तास जाण्यात आणि पाऊण तास येण्यात जातो, म्हणजे पाच दिवसांचे साडेसात तास. नव्या घरापासून एका बाजूला दोन तास लागणार असतील, तर दोनच दिवसांचे आठ तास होतात. वेळ वाचतच नाही, फक्त दोन दिवसांत गोळा होतो. काहींना ते चालतं, कारण उरलेले तीन दिवस पूर्ण मोकळे मिळतात. पण हे आधी कळलेलं बरं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ मध्ये असं मांडलं होतं की माणूस कुठेही राहत असो, दिवसाला सरासरी तासाभराचा प्रवास त्याला मानवतो. तुमचा आठवडा त्यापेक्षा फार वर जात असेल तर नोकरीच्या अटींबद्दल आधी बोला, घराबद्दल नंतर.

पैशांच्या बाबतीत भाड्यातली बचत सगळ्यांनाच दिसते. एखाददोन महिने दोन्ही घरांचं भाडं, वाहतुकीचा खर्च आणि वाढलेल्या प्रवासाचं तिकीट हे खर्च त्याच कागदावर लिहा.

शांतता स्वतःच्या कानांनी तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मध्यवस्तीची शांतता तासातासाला बदलते आणि घर दाखवणारे लोक नेहमी दुपारीच बोलावतात, जेव्हा सगळं निपचित असतं. मी तसंच दुपारी घर बघून होकार दिला होता. राहायला आल्यावर दुसऱ्याच पहाटे पावणेपाचला खालच्या दुकानाचं लोखंडी शटर वर गेलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. त्यामागोमाग मालाचा टेम्पो आला, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं उभा राहिला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना तीन मजली इमारती, त्यामुळे आवाज भिंतींवर आदळत वर येत होता.

म्हणून किमान चार वेळा जा: कामाच्या दिवशी पहाटे, शाळा सुटायच्या वेळी, आठवड्याच्या शेवटी रात्री उशिरा आणि एकदा भर पावसात. जमलं तर त्याच रस्त्यावर आठवडाभर खोली घेऊन राहा. सुट्टीसारखं राहू नका. रोजचं काम करा, बाजारहाट करा, कपडे धुवा.

मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपचे आकडे अचूक नसतात, पण एकाच फोनने दोन खोल्यांची तुलना नक्की करता येते. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि एकेकटे आवाज ४५ च्या वर जाऊ नयेत. रस्त्याकडची आणि मागच्या अंगणाकडची खोली दोन्ही मोजा. एकाच घरात हा फरक चकित करण्याइतका निघतो. झोपायची खोली मागे घेता येत असेल तर घराचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

खिडक्यांची फट बोटाने चाचपून बघा. छोट्याशा फटीतूनही बराच आवाज आत येतो, म्हणून चौकटीला रबरी पट्टी लावण्याचा खर्च वाया जात नाही. जाड पडद्यांवर भरवसा ठेवू नका. त्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, रस्ता गप्प होत नाही. रस्ता चढाचा असेल किंवा जवळ सिग्नल असेल तर गाड्या तिथे जोर लावतात, हेही लक्षात घ्या.

रोजची ठिकाणं चालून बघा

सपाट रस्त्यावर, सावकाश नाही आणि घाईत नाही अशा चालीने माणूस पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर जातो. वहीतल्या रोजच्या ठिकाणांपर्यंत प्रत्यक्ष चाला आणि परत येताना हातात भरलेली पिशवी असू द्या. औषधाचं दुकान, बसथांबा, वाचनालय आणि बसायला एखादा बाक दहा मिनिटांच्या आत असेल तर मध्यवस्तीत राहण्याला अर्थ आहे. प्रत्येक कामाला गाडीच काढावी लागणार असेल, तर पार्किंगची रोजची चिंता तेवढी पदरात पडेल. अंधार पडल्यावरही एकदा चाला. दिवे कुठे आहेत, कोणती दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, तुम्हाला एकटं वाटतं का, हे पायांना लगेच कळतं.

जुन्या इमारतीकडे बारकाईने पाहा

मध्यवस्तीतली घरं बहुधा जुनी असतात. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीपर्यंत पोहोचते आणि तिथे पांढरट क्षारांची रेघ सोडते. छतावरचा गोल डाग वरच्या गळतीचा असतो. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला दिसला तर कारण विचारा. सगळ्यात वरच्या मजल्यावर सकाळच्या वेळी नळ सोडून पाण्याचा जोर बघा. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, तिथे अंदाज चालत नाही. घरून काम करणार असाल तर इंटरनेटचा अपलोडचा वेग त्याच खोलीत बसून, प्रत्यक्ष व्हिडिओ कॉल करून पाहा.

जिना मोजा. रुंदी तर मोजाच, वळणावरची जागा आवर्जून मोजा. माझं कपाट तिथेच अडलं होतं आणि मजुरांनी ते पुन्हा खाली नेलं. मोठ्या वस्तूच्या मापाचा पुठ्ठा कापून तो जिन्यातून वर नेऊन बघितला असता तर हा व्याप टळला असता.

आणि घर लगेच विकत घेऊ नका. एक वर्ष भाड्याने राहा, म्हणजे तिथले सगळे ऋतू अंगावरून जातील.

सामान

नव्या घराचा नकाशा कागदावर काढा आणि त्यात बसेल तेवढंच न्या. पुस्तकं छोट्या खोक्यांत भरा. ४० सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच खोकं पुस्तकांनी भरलं तर वजन ४० किलोच्या आसपास जातं, ते एकट्याने जिना चढवण्यासारखं नसतं. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा आणि उभाच न्या. आडवा न्यावा लागलाच तर नंतर काही तास उभा ठेवा, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली उतरू द्या आणि मगच सुरू करा. औषधं, कागदपत्रं, चार्जर, टॉवेल आणि अंथरूण एका वेगळ्या पिशवीत, तुमच्या स्वतःच्या हातात. जुन्या डॉक्टरांकडून तपासण्यांची फाइल निघण्यापूर्वीच मागून घ्या.

पहिले तीन महिने

पहिल्या काही रात्री झोप लागणार नाही. वर्षानुवर्षांची गुणगुण थांबली की फ्रिजचा आवाजही मोठा वाटतो. दोनतीन आठवड्यांत कान रुळतात. त्यानंतर दुसरी गोष्ट जाणवते: इथे लोक तुम्हाला बघतात. महानगरात कुणाला न दिसता जगायची सवय झालेली असते, ती इथे चालत नाही. दार उघडलं की कोण आलं हे समोरच्याला कळतं. मला सुरुवातीला ते जड गेलं. पण घरी आजारी माणूस असला की त्याच नजरांचा केवढा आधार वाटतो, हे मी अनुभवलं आहे. आपण होऊन नाव सांगा, रोज ठरावीक वेळी एकाच दुकानात जा आणि जुन्या शहराशी तुलना निदान मोठ्याने करू नका.

तक्रार असेल तर आधी ओळख होऊ द्या. पहाटेच्या त्या शटरबद्दल मी दोन महिने काहीच बोललो नाही, फक्त रोज तिथून सामान घेत राहिलो. मग एकदा दुकानदारांना म्हणालो, "काका, शटर फार कुरकुरतं हो, वरपर्यंत ऐकू येतं." त्यांना खरंच माहीत नव्हतं, इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रीसचा डबा आणला, मी खालून स्टूल धरलं आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना त्यांनी ग्रीस लावलं. टेम्पोवाल्यालाही त्यांनीच इंजिन बंद ठेवायला सांगितलं. आता पावणेपाचला जाग असलीच तर फक्त कुलपाचा खटका ऐकू येतो.