निवडणूक प्रचाराच्या चित्रांचा अभ्यास : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी काही अनुभव

निवडणुकीची हस्तपत्रके, भित्तिपत्रके, भिंतीवरची चित्रे, बिल्ले आणि पक्षांची चिन्हे यांवर काम करायचे आहे, असे सांगत काही विद्यार्थी माझ्याकडे येतात. कोणी इतिहासाचे असतात, कोणी राज्यशास्त्राचे, आणि अलीकडे उपयोजित कलेचेही बरेच असतात. जवळजवळ सगळ्यांची सुरुवात चित्राच्या वर्णनापासून होते. रंग कोणता, नेत्याचा चेहरा केवढा, घोषणा कोणती, अशा नोंदींनी वह्या भरतात आणि काम तिथेच अडते. त्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. चित्र जरा बाजूला ठेवा आणि त्या निवडणुकीत मतदाराने मत प्रत्यक्षात कसे दिले, हे आधी वाचा. मतदानाची रीत बदलली की प्रचाराचे चित्र बदलते, आणि हा धागा हातात नसेल तर कितीही सुंदर संग्रह जमवला तरी त्यातून इतिहास उभा राहत नाही.

आपल्याकडची पहिली सार्वत्रिक निवडणूक हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झालेल्या या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते, आणि १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा प्रश्न साधा आणि अवघड होता : ज्याला उमेदवाराचे नाव वाचता येत नाही, त्याने आपला उमेदवार कसा ओळखायचा? उत्तर म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली आणि त्या पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवण्यात आले. अशा पोलादी पेट्यांपैकी १२ लाखांहून अधिक पेट्या गोदरेज कंपनीने विक्रोळीच्या कारखान्यात तयार केल्या, तर मतपत्रिका नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात छापल्या गेल्या. त्या मतपत्रिकेवर ना नाव होते, ना चिन्ह. मतदाराने ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची, एवढेच काम होते. त्यामुळे त्या काळच्या पत्रकांत शिक्का किंवा फुली दिसत नाही. तिथे पेटी दिसते आणि पेटीवर बैलजोडी, झाड, झोपडी, दिवा किंवा कणीस-विळा दिसतो. पत्रक हे मतदाराला मतदानकक्षातली वाट दाखवणारे चित्र होते, ही गोष्ट लक्षात आली की त्याच्या साधेपणाचा अर्थ लागतो.

मुंबईत याच निवडणुकीत आणखी एक गुंता होता, आणि तो समजून न घेता त्या वेळची प्रचारपत्रके वाचणाऱ्यांची हमखास फसगत होते. काही मतदारसंघांतून तेव्हा दोन सदस्य निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. उत्तर मुंबईच्या अशा मतदारसंघात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता एकमेकांच्या साथीने उभे होते. म्हणजे प्रचाराला दोन चिन्हे एकत्र शिकवावी लागत होती : एक मत हत्तीच्या पेटीत आणि दुसरे झाडाच्या पेटीत. दोघेही पराभूत झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. पुढे आंबेडकर आणि मेहता यांनी संयुक्त निवडणूक याचिका दाखल केली आणि ७४,३३३ मतपत्रिका बाद कशा ठरल्या, हा प्रश्न तीत उपस्थित केला. एक मत जाणूनबुजून ‘कुजवा’, असा प्रचार झाल्याचा आरोपही त्या काळी झाला. एकाच पत्रकावर दोन पक्षांची दोन चिन्हे शेजारी-शेजारी दिसली, तर केवळ ‘युतीचे प्रतीक’ अशी नोंद करून पुढे जाऊ नये, असे मी म्हणतो ते यासाठी. दोन मतांचा हिशेब मतदाराला समजावण्याची ती धडपड असते.

१९६०-६१ मध्ये केरळ आणि ओरिसा येथील निवडणुकांत नवी पद्धत आली, आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती जवळजवळ देशभर वापरली गेली. आता एकाच मतपत्रिकेवर सर्व उमेदवारांची नावे आणि चिन्हे आली, आणि मतदाराच्या हातात रबरी शिक्का आला. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ आणि पुढे अमुक चिन्हावर ‘मारा शिक्का’, ही घोषणा महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. आजोबांच्या तोंडून ऐकली म्हणून ती पहिल्या निवडणुकीची असे गृहीत धरणारे शोधनिबंध माझ्या वाचनात आले आहेत. ती तशी असू शकत नाही, कारण तेव्हा मारायला शिक्काच नव्हता. यंत्र आल्यानंतरही रिक्षावरच्या भोंग्यातून शिक्का ऐकू येत राहिला आणि त्याच्या जोडीला ‘बटण दाबा’ आले. घोषणा रीतीच्या मागून चालते आणि रीत गेल्यावरही काही वर्षे टिकून राहते, म्हणून तिच्यावरून ‘याआधीची नाही’ एवढे खात्रीने सांगता येते, ‘यानंतरची नाही’ असे सांगता येत नाही.

मतदानाची रीत आणि चित्र यांचे नाते पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एकदा तरी इंग्लंडमध्ये नेतो, अर्थात चित्राच्या आधारे. विल्यम होगार्थ याने १७५४ च्या ऑक्सफर्डशायर निवडणुकीवरून चार चित्रांची मालिका रंगवली, आणि ती आज लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहे. तिच्यातले दुसरे चित्र मतांच्या याचनेचे आहे. त्यात मध्यभागी एक शेतकरी उभा आहे, आणि दोन्ही पक्षांचे लोक दोन्ही बाजूंनी त्याच्या हातावर पैसे टेकवत आहेत. खानावळीबाहेरच्या फलकावर सरकारी तिजोरीतून पैसा बाहेर पडताना दाखवला आहे, बाजूला मेजावर दोन म्हातारे जुन्या लढाईच्या गप्पांत रमले आहेत, आणि मागे जमाव एका खानावळीवर चालून गेला आहे. विद्यार्थी प्रथम ‘भ्रष्टाचारावरील टीका’ असे लिहितात, आणि ते बरोबरच आहे. पण लाच इतकी उघड का दिली जाते? कारण मत उघड द्यावे लागत होते. पैसे घेणारा कोणाला मत देतो, हे देणाऱ्याला समक्ष कळत होते. ब्रिटनमध्ये गुप्त मतदान १८७२ च्या कायद्याने आले. होगार्थच्या शेतकऱ्याच्या दोन्ही हातांना जी किंमत आहे, ती त्या कायद्यानंतर तशी उरत नाही. एवढे उमगले की मग आपल्याकडचे पत्रक पाहणाऱ्या डोळ्यांत फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

साधनांबद्दल बोलताना बहुतेकजण वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित खजिना न्यायालयांचा आहे. निवडणूक याचिकांमध्ये पत्रके पुरावा म्हणून दाखल होतात आणि निकालपत्रांत त्यांचा मजकूर उतरतो. मूळ कागद केव्हाच नाहीसा झालेला असतो, तरी त्याचे शब्द तिथे सापडतात. १९५७ च्या बिहार विधानसभा निवडणुकीत झारखंड पक्षाचे चिन्ह कोंबडा होते, आणि त्या पक्षाच्या एका पत्रकात हा कोंबडाच मतदारांशी बोलतो व मतांच्या रूपाने चारा मागतो. आदिवासींच्या पूजाविधींत कोंबड्याला स्थान असल्यामुळे हे धर्माच्या आधारे केलेले आवाहन ठरते, असा बहुमताचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला. पुढे ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाच्या ताऱ्याला ध्रुवताऱ्याशी जोडणारी गुजरातमधली पत्रके न्यायालयापुढे आली, तेव्हा मात्र निर्णय उलट लागला. या दोन निकालांची पाने शेजारी ठेवून वाचावीत. चिन्ह केवळ ओळखीपुरते कुठपर्यंत राहते आणि श्रद्धेला हात कुठे घालू लागते, याची चर्चा इतक्या बारकाईने अन्यत्र क्वचितच सापडते.

निवडणूक आयोगाला या धोक्याची जाणीव पहिल्यापासून होती. पहिल्या निवडणुकीच्या वेळीच गाय, देऊळ, राष्ट्रध्वज, चरखा अशा भावना जोडलेल्या वस्तू चिन्ह म्हणून नकोत, असे ठरले होते. आणि तरीही १९६९ च्या फुटीनंतर काँग्रेसची बैलजोडी गोठवली गेली, तेव्हा एका गटाला गाय-वासरू आणि दुसऱ्याला चरखा चालवणारी स्त्री ही चिन्हे मिळाली. हे कसे घडले, यावर मराठीत स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. चिन्हांची वंशावळ तशीही चकवणारी असते. आज ज्या हाताच्या पंजाची ओळख काँग्रेसशी जोडलेली आहे, तो पंजा १९५२ मध्ये नागपूरचे कामगार नेते रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे चिन्ह होता. काँग्रेसच्या इंदिरा गटाकडे तो १९७८ मध्ये आला. म्हणून जुन्या छायाचित्रात चिन्ह दिसताच पक्षाचे नाव लिहून मोकळे होऊ नका. आधी वर्ष ठरवा आणि मग पक्ष.

वर्ष कसे ठरवायचे, हे कागदच सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असावे लागतात. एका जुन्या छापखान्याच्या मालकांनी नमुना म्हणून जपलेला पत्रकांचा गठ्ठा मला पाहायला दिला होता. बहुतेक पत्रकांवर तारीख नव्हती, पण तळाशी अगदी बारीक टायपात मुद्रकाची ओळ होती आणि तीत छापखान्याचा पत्ता होता. तो छापखाना मधल्या काळात जागा बदलून दुसऱ्या पेठेत गेला होता, आणि त्या बदललेल्या पत्त्यावरून गठ्ठ्यातली पत्रके सरळ दोन निवडणुकांत विभागली गेली. छायाचित्र घेताना विद्यार्थी नेमकी हीच ओळ कापतात, कारण ती दिसायला कुरूप असते. कागदाच्या चारही कडा छायाचित्रात आल्याच पाहिजेत, आणि मागची बाजूही घेतली पाहिजे, कारण कोऱ्या पाठीवर कोणीतरी घरांची यादी किंवा रंगाचा हिशेब लिहून ठेवलेला असतो.

भिंतींचा अभ्यास करायचा असेल तर पेंटर मंडळींना भेटल्याशिवाय गत्यंतर नाही. भिंतीवर आधी चुन्याचा हात मारून ती ‘राखीव’ कशी केली जाई, मालकाची परवानगी कोण काढत असे, गेरू आणि निळीचे प्रमाण काय असे, चिन्हाचा पत्र्याचा छापा कोण कापून देई, आणि रात्रीतून दुसऱ्या पक्षाने भिंत पुसली तर भांडण कोणाच्या अंगावर येई, हे सगळे त्यांच्याकडेच मिळते. एका तालुक्याच्या गावी पावसाने चुना धुपलेल्या भिंतीवर मी गेरूतले वासरू पाहिले होते, आणि त्याच्या पाठीवर नंतरच्या निवडणुकीतला पंजा निळीत उमटला होता. त्या पेंटरने दोन्ही चित्रे स्वतःचीच असल्याचे सांगितले आणि दोन्ही वेळची मजुरीही त्याला आठवत होती. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना आचारसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली, १९९५ मध्ये महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आला, आणि नंतर फ्लेक्सने उरलेसुरले काम काढून घेतले. भिंत रंगवणारी ही पिढी आता थकली आहे. ग्रंथालये दहा वर्षांनीही जागेवर असतील, म्हणून आधी या लोकांकडे जा. मुलाखतीचे पैसे देण्याघेण्याचा आणि नाव छापण्याच्या परवानगीचा विषय पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्या.

अलीकडच्या काळाबद्दल थोडेच सांगतो, कारण ते साहित्य तुम्ही माझ्यापेक्षा अधिक पाहता. २००४ पासून लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत मतदान यंत्र आले आणि पत्रकांवर नमुना यंत्राचे चित्र, अनुक्रमांक आणि निळे बटण दिसू लागले. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्रही असते. तरीही चिन्हाचे महत्त्व ओसरलेले नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शरद पवार यांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह होते, तर काही मतदारसंघांत अपक्षांना तुतारीशी साम्य असलेले वाद्य मिळाले. साताऱ्यात विजयाचे अंतर ३२,७७१ मतांचे होते आणि त्या वाद्याच्या चिन्हावरील अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. यावरून मतदार गोंधळले, असा तर्क मांडला गेला आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पण ती सारी मते चुकून पडली, असे आकडा सांगत नाही. असे प्रकरण अभ्यासाला घेणाऱ्याने दोन्ही चिन्हे यंत्रावर छापलेल्या मूळ आकारात आणि काळ्या-पांढऱ्या रंगात पाहावीत, कारण पक्षाच्या रंगीत पत्रकात दिसणारा फरक यंत्रावर तेवढा दिसेलच असे नाही.

मोबाइलवर फिरणारी चित्रे जमवताना पडद्याचे छायाचित्र पुरेसे समजू नका. मूळ फाइल, ती कोणत्या दिवशी कोणत्या प्रकारच्या गटात आली याची नोंद, आणि मतदानापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचाराला बंदी असताना ती फिरत होती का, हे तीन तपशील लिहून ठेवा. पाठवणाऱ्यांचे क्रमांक मात्र संग्रहात ठेवू नका. सर्व पक्षांचे साहित्य सारख्याच काळजीने जमवा, आणि जो पक्ष तुम्हाला आवडत नाही त्याच्या कार्यालयात जाताना सोबत संस्थेचे पत्र असू द्या. ते पाहिल्यावर कार्यकर्ते बहुधा आपणहून माळ्यावरची खोकी काढून देतात. सुरुवातीला विधानसभा किंवा लोकसभा न घेता आपल्या गावची नगरपालिका किंवा ग्रामपंचायत घ्यावी. तिथली चिन्हे कपबशी, छत्री, शिलाई यंत्र अशी घरगुती असतात, उमेदवार बोलायला तयार असतात, छापखाना चालत जाण्याच्या अंतरावर असतो, आणि त्या पत्रकांची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठल्याच ग्रंथालयात नसते.